कुलपातली पेटी

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात दाराजवळ एक पांढरी पेटी टांगलेली असायची. वर लाल फुली, खाली कुलूप. किल्ली आस्थापना विभागातल्या एका लिपिकाच्या ड्रॉवरमध्ये. कुलूप का, तर आतल्या कात्र्या आणि चिकटपट्ट्या लोक पळवतात म्हणून. मी तिथे तेवीस वर्षे नोकरी केली आणि त्या पेटीत काय आहे ते एकदाही पाहिले नव्हते.

पाहिले ते एका दुपारी, पावणेदोनच्या सुमाराला. आमचे शिपाईमामा नियतकालिकांचे बांधीव खंड घेऊन येत होते, ते दोन कपाटांच्या मधे कोसळले. निवृत्तीला आठ महिने होते त्यांच्या. दर ईदला आमच्या घरी यायचे आणि माझ्या पत्नीला सांगायचे, "वहिनी, शीरखुर्म्यात खारीक जरा जास्त येऊ द्या." आम्ही दहा-बारा जण भोवती जमलो. कुणी तोंडावर पाणी मारले. कुणी कॅन्टीनमधून कांदा फोडून आणला आणि नाकाशी धरला. एकाने चप्पलही काढली होती, त्याला मी थांबवले. मामांचे तोंड अधूनमधून उघडत होते, घशातून घरघर येत होती. मी वाकून पाहिले आणि सगळ्यांना मोठ्याने सांगितले, "श्वास चालू आहे, गर्दी करू नका, हवा येऊ द्या."

मग आम्ही हवा येऊ देत उभे राहिलो.

लिपिक जेवायला गेले होते. शेवटी कुलूप फोडले. आत आयोडीनची सुकलेली बाटली, पिवळा पडलेला कापूस, दोन वर्षांपूर्वी मुदत संपलेल्या गोळ्या आणि २६ जानेवारीच्या सजावटीतल्या उरलेल्या टाचण्या. १०८ला फोन लगेच केला होता, पण कुठल्या फाटकाने यायचे हे सांगायचे कुणाच्या लक्षात आले नाही. गाडी उत्तरेच्या फाटकाशी येऊन थांबली. ते दुपारी बंद असते. आमचे आवार एवढे मोठे, आणि आत एकही पाटी धड नाही. वळसा घालून ती येईपर्यंत मामांची घरघर थांबली होती.

सहा-सात महिन्यांनी प्रथमोपचाराचे एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. मामांच्या प्रकरणानंतर एक परिपत्रक निघाले होते, त्याचा हा परिणाम. शिकवायला एक निवृत्त परिचारिका आल्या होत्या. पंचावन्न-साठ वय, आवाज खणखणीत. रबरी पुतळा जमिनीवर ठेवून त्या म्हणाल्या, हृदय बंद पडल्यावरही काही माणसे मिनिटभर, कधी अधिक वेळ, मासोळीसारखी तोंड उघडमिट करतात, घशातून आवाज येतो. तो श्वास नव्हे. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि असा तुटक श्वास दिसत असेल, तर लगेच छाती दाबायला घ्या.

मी उठून बाहेर गेलो. पाण्याच्या कूलरजवळ बराच वेळ उभा होतो. ते वाक्य मी बोललो होतो. मला विचारून दहा माणसे थांबली होती.

परत येऊन शिकलो. छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून माणूस बदलायचा. दाब न देता, झटक्याचे यंत्र न लावता जाणारे प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करते. ते यंत्र, ज्याला एईडी म्हणतात, स्वतःच बोलून पुढची पायरी सांगते आणि गरज नसेल तर झटका देत नाही. फिट आलेल्याच्या तोंडात चमचा घालायचा नाही, कुशीवर वळवायचे. आमच्या मागे टेकडी आहे, पावसाळ्यात साप निघतात, तर साप चावला की आवळून बांधायचे नाही, चिरा द्यायच्या नाहीत, तो अवयव हलू न देता सरळ लस असलेल्या रुग्णालयात न्यायचे. एका तरुण प्राध्यापकांनी हळूच विचारले, "बाई असेल तर? कुणी व्हिडिओ काढला तर?" बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. "तुमची बहीण असती तर व्हिडिओ काढणाऱ्याला काय सांगितलं असतंत? तेच सांगा आणि दाबत राहा."

१९४८च्या कारखाने अधिनियमाच्या ४५व्या कलमात दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि कामाच्या वेळात हजर असणारा एक प्रमाणपत्रधारक माणूस सांगितला होता. बिस्किटांच्या कारखान्याला जे सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी सांगितले गेले, ते हजारो मुले वावरणाऱ्या आवाराला कुणी सांगायला हवे होते? पेट्यांचा खर्च लेखनसामग्रीत दाखवायचा की वैद्यकीय शीर्षात, यावर आमच्याकडे तीन महिने गेले. ती कथा लिहीत नाही.

यादीवरून मात्र मी भांडलो. समितीने पहिल्या यादीत विभागप्रमुख घातले होते. विभागप्रमुख पाचला घरी जातात. माणसे पडतात ती मैदानावर, वसतिगृहाच्या जिन्यात, प्रयोगशाळेत, कॅन्टीनच्या रांगेत. म्हणून सुरक्षारक्षक, वसतिगृहाचे रेक्टर, प्रयोगशाळा परिचर, माळी, कॅन्टीनवाले, असे सव्वीस जण शिकले. पेट्यांची कुलपे गेली, त्यांच्या जागी हाताने तुटणारे प्लास्टिकचे सील आले. सोबत एक वही. काय काढले, कधी, सही. कात्र्या अजूनही पळतात. पळू देत. नव्या घेता येतात.

गेल्या काही वर्षांत रमजान उन्हाळ्याच्या तोंडाशी येतोय. अशाच एका संध्याकाळी, सव्वासहाला, फाटकावरच्या रक्षकाचा फोन आला. वाचनकक्षाच्या पायरीवर एक मुलगी घामाने भिजून बसलेली, हात थरथरताहेत, बोलणे असंबद्ध. मी पोहोचलो तेव्हा पेटी उघडलेली होती, ग्लुकोजचे पाकीट रक्षकाच्या हातात होते, आणि भोवती मुले शांत उभी होती. कुणीही तिला पाणी देत नव्हते. रक्षक कुजबुजला, "सर, पोरीचा रोजा आहे. मला बरं वाटेना, म्हणून तुम्हाला बोलावलं."

त्या घोळक्यात एकही वाईट माणूस नव्हता. आमच्या रोज्याचा मान राखायचा म्हणून ती सगळी थांबली होती. तिच्या मैत्रिणीने पिशवीतले इन्सुलिनचे पेन दाखवले आणि मला दुसरे काही विचारावे लागले नाही. ती जागी होती, गिळू शकत होती. ग्लासात तीन चमचे ग्लुकोज कालवून घोट घोट पाजले. ती मान हलवत होती, "नको, अजान..." मी म्हटले, "बेटा, आधी हे. रोजा नंतर ठेवता येईल." पंधरा मिनिटांनी तिने मला नीट ओळखले. तोवर रक्षकाने दुसरा माणूस दक्षिणेच्या फाटकावर गाडीची वाट पाहायला उभा केला होता. हे त्याला मी सांगितले नव्हते.

निघताना ती जरा चिडूनच म्हणाली, "चाचा, पाऊण तासही राहिला नव्हता."

मी वही उघडली. ग्लुकोज, एक पाकीट, सहा वाजून वीस मिनिटे. सही रक्षकाला करायला सांगितली, पाकीट त्यानेच काढले होते.