गिलसाहेबाचे पट

उत्तरेकडील चित्रकारांस गेल्या शतकाआधीच्या शतकात दक्षिणेच्या उन्हाची मोठी ओढ असे. क्योब्के नावाचा डॅनिश चित्रकार १८३८ साली इटलीत गेला, नेपल्स व काप्री येथे रमला आणि १८४० साली ते ऊन कागदावर घेऊन सुखरूप कोपनहेगनला परतला. आमच्या वऱ्हाडच्या वेशीवरही असाच एक परदेशी चित्रकार येऊन राहिला. त्याच्या नशिबी मात्र हे सुख नव्हते.

मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल यास १८४४ साली कंपनी सरकारने अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यास नेमले. ते काम १८६३ पर्यंत चालले. लेण्यांतील अपुऱ्या उजेडात उभे राहून तो भिंतीवरील चित्रे तैलरंगांत कापडी पटांवर उतरवीत असे. मोर्शीतील आमच्या विद्यार्थ्यांस तो ठाऊक आहे तो पारोचा गिल म्हणून. महानोरांचे काव्य आणि २०१२ सालचा चित्रपट यांची ती कृपा! अजिंठा गावी पारोची कबर आहे, तीवर १८५६ हे साल आहे. प्रेम खरेच असेल. परंतु आम्हांस, प्राध्यापकी रुक्षपणा म्हणा हवा तर, १८६६ च्या डिसेंबराची हळहळ अधिक वाटते. लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेले त्याचे बहुतेक पट त्या महिन्यातील आगीत जळून गेले.

नक्कलच ती, मूळ भिंत तर शाबूत आहे, असे एका विद्यार्थ्याने आम्हांस ऐकविले. पण भिंत तरी शाबूत कोठे आहे? पाण्याने गिलावा सुटला, हौशी पाहुण्यांनी तुकडे काढून नेले, नकला करणाऱ्यांनीच चढविलेल्या व्हार्निशाने रंग काळवंडले. गिलने जे पाहिले ते पुढे कोणास दिसले नाही, आणि त्याची साक्ष राखेत गेली. १८७२ पासून ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करविल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ साली लंडनमध्येच आगीत सापडल्या. दैवाचा हा हट्ट विलक्षणच म्हणावयाचा!

गिलने पुढे कॅमेरा हाती घेतला होता. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची त्याने घेतलेली छायाचित्रे आम्हां वऱ्हाडकरांवर मोठे उपकार आहेत. पण त्या काळच्या काचेला रंग कोठून दिसावा?

आगीतून वाचलेले मोजके पट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. गिल १८७९ साली वारला. मोर्शीहून अजिंठ्यास जाणाऱ्यांनी पारोची कबर अवश्य पाहावी. परतीच्या वाटेवर भुसावळ लागते, गिलची कबर तेथे आहे.