ड्रमचा पट्टा

परवा शनिवारी स्वारगेटहून एसटी पकडून इंदापूरला घरी गेलो. ताई बारामतीहून आली होती, सोबत आठ वर्षांची भाची. कार्टीने आल्या आल्या पिठाचा डबा उलटा घातला आणि लाटण्याने बडवायला सुरुवात केली. आई म्हणाली, "पोरीच्या जातीला शोभतं का ते?" ताई गप्प. मला एकदम शाळेचा बँड आठवला.

आमच्या शाळेत (नाव नको!) पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीला ड्रम मुलांचे, लेझीम मुलींची. ताईचा ताल पक्का. तिने नववीत सरांना विचारलं होतं. उत्तर मिळालं, "पट्टा झेपायचा नाही तुला." ही बाई तेव्हा रोज दोन हंडे पाणी डोक्यावरून आणायची! सात वर्षांनी तोच ड्रम माझ्या गळ्यात आला. मी तालाला कच्चा. कॉलेजमधून आल्यावर ताईच मला याच डब्यावर ठेका शिकवायची. आणि मी काय केलं? आरामात वाजवला.

रात्री झोप येईना म्हणून नेटवर वाचत बसलो. अमेरिकेतही कॉलेजांचे कितीतरी बँड फक्त पोरांचे होते. १९७२ मध्ये तिथे 'टायटल नाइन' कायदा आला: सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत बाई-पुरुष भेद चालणार नाही. लोकांना तो खेळांमुळे माहीत आहे, पण त्यात ना खेळाचा उल्लेख, ना बँडचा. तरी मिशिगन विद्यापीठाच्या बँडमध्ये त्याच वर्षी मुली आल्या, ओहायो स्टेटच्या १९७३ मध्ये. टेक्सास ए अँड एमवाल्यांनी मात्र १९८५ पर्यंत ताणलं, तेही कोर्टकचेरी झाल्यावर सोडलं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे घटनेचं कलम १५ आहेच की, १९५० पासून. आहे ना. पण खडकवासल्याच्या एनडीएत मुली गेल्या २०२२ मध्ये, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये आदेश दिल्यावर. तिथे निदान कोर्टात जायला कोणी होतं. तालुक्यातल्या एका ड्रमसाठी कोण जाणार? स्टोअररूमची किल्ली सरांच्या खिशात.

असो. रविवारी सकाळी बघतो तर ताई भाचीशेजारी मांडी घालून बसलेली. "मधे नको, कडेला मार. हां."

मी विचारलं, "तायडे, तेव्हा राग नाही आला तुला?"

"आला होता की. प्रभातफेरीत तू ठेका चुकलास ना, त्या दिवशी तर जास्तच."