नसलेल्या हक्काचा राजीनामा

अलिबागच्या खारेपाटात कुळांचे दावे चालवण्यात माझी सगळी वकिली गेली. जिंकलेल्या दाव्यांबद्दल लोक अजून बोलतात. जो दावा मी उभाच केला नाही, त्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललो नव्हतो. तो लिहून ठेवतो आहे, कारण कायदा म्हणजे काय, ही माझी समजच त्यात चुकली होती.

1980 च्या सुमाराची गोष्ट. पक्षकार आगरी समाजातल्या, साठीकडे झुकलेल्या बाई. खाडीकाठचं भाताचं शेत आधी त्यांचे सासरे कसत, मग नवरा, तो गेल्यावर त्या स्वतः. मालकीण विधवा, राहायला मुंबईत. झोडणी झाली की मक्त्याचं भात मालकिणीचा माणूस मोजून घेऊन जायचा. आता मालकिणीला शेत मोकळं करून हवं होतं.

मी सातबारा पाहिला. कुळाची नोंद नव्हती. विचारलं, “मावशी, मक्त्याच्या पावत्या ठेवल्यात का?”

“पावती कोन देतं? भात मोजतान नि नेतान.”

मी कागद बाजूला सारले. नोंद नाही, पावती नाही, तेव्हा दावा टिकणार नाही, असं सांगितलं. मालकीण काही रक्कम द्यायला तयार आहे, ती घ्या आणि मोकळ्या व्हा, असा सल्ला दिला. या बोलण्याला फार वेळ लागला नाही.

1948 चा कुळकायदा मला पाठ होता. त्याचं कलम 4 सांगतं की, दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतो, तो कूळ मानला जाईल. मात्र तो मालकाच्या घरातला, मजुरीवर ठेवलेला किंवा गहाणदार नसावा. पावतीची अट त्यात नाही. वाद असेल तर कलम 70 ब खाली तहसीलदारांकडून ठरवून घेता येतं. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनी बहुतेक कुळं मालक झाली. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तिथे खरेदी पुढे ढकलली गेली, पण कुळाचं कूळपण शाबूत राहिलं. हे सगळं येत असूनही मी बाईंना ‘तुमच्याकडे काही नाही’ असं म्हणालो. कागदावर नाही ते हरणार, असा कचेरीत वावरून माझा ग्रह झाला होता, आणि हरणारं प्रकरण मला नको होतं.

त्याहून मोठी चूक पुढे झाली. मालकिणीच्या वकिलांनी अट घातली की, रक्कम देऊ, पण कलम 15 प्रमाणे कुळाचा राजीनामा लेखी हवा आणि तहसीलदारांसमोर त्याची पडताळणी व्हायला हवी. ती अट ऐकताच मी उठून उभं राहायला हवं होतं. बाई कूळ नसतील तर राजीनामा कशाचा? नसलेल्या हक्काचा राजीनामा कुणी मागत नाही. समोरच्या पक्षाने बाईंचं कूळपण आपल्या तोंडाने मान्य केलं होतं, आणि मी मसुद्यातल्या चतुःसीमा तपासत बसलो होतो.

पडताळणीची तरतूद कायद्याने मुद्दाम ठेवली आहे. मालकाच्या दडपणाने कूळ अंगठा देतं, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून सरकारी अधिकाऱ्याने कुळाला समोर बसवून, राजीखुशीने सोडता का, हे विचारायचं. मी आदल्या दिवशी बाईंना सांगून ठेवलं होतं, “साहेब विचारतील, तुम्ही हो म्हणा.” साहेबांनी विचारलं. बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हो म्हणाल्या. कुळाच्या रक्षणासाठी घातलेलं कुंपण मी, कुळाच्या वकिलाने, आतून उघडून दिलं. दडपण मालकाचं असेल एवढंच कायद्याला सुचलं होतं. ते वकिलाचंही असू शकतं.

रक्कम घराच्या डागडुजीत आणि देण्यात संपली. पुढच्या पावसाळ्यात बाई दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला मजुरीने जाऊ लागल्या. काही वर्षांनी ते शेत विकलं गेलं आणि त्याला कंपाउंड पडलं.

नंतर दुसऱ्या एका दाव्यासाठी मी त्याच गावच्या खाडीच्या बांधावर गेलो. खारजमिनीत बांध म्हणजे जीव. उधाणात त्याला खांड गेली की खारं पाणी आत शिरतं आणि शेत काही वर्षं भात देत नाही. गावाची रीत होती की, जो जे शेत कसेल, त्याने त्या शेताच्या हिशेबाने बांधाच्या कामाला माणूस द्यायचा. मालक कोण, हे तिथे कुणी विचारत नसे. एक म्हातारे गृहस्थ बांधावरून कोणी किती वर्षं चिखल वाहिला ते नावानिशी सांगत चालले होते. त्या बाईंच्या शेताशी आल्यावर म्हणाले, “हितं तिचा सासरा, मंगशी ती. सगल्या गावाला ठावं. तुमी इचारलाच नाय.”

पुराव्याला अख्खं गाव उभं होतं, आणि मी पावती मागत होतो.

युजेन एअरलिश या ऑस्ट्रियन कायदेपंडिताने 1913 मध्ये मांडलं होतं की, कायद्याचा खरा गाभा कायदेमंडळात किंवा निकालांत नसतो, समाजाच्या चालत्या व्यवहारात असतो. त्याला तो जिवंत कायदा म्हणे. मी हे विद्यार्थिदशेत वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. मार्क गॅलंटर या अमेरिकन अभ्यासकाने 1974 मध्ये दाखवून दिलं की, कोर्टाची पायरी पुन्हापुन्हा चढणारा पक्ष आणि जन्मात एकदाच चढणारा पक्ष यांच्यात सामना बरोबरीचा नसतो. नियम तेच असले तरी पहिल्याला ते वापरायची सवय असते. आमच्याकडे मालक पहिल्या प्रकारचा, कूळ दुसऱ्या. ही दरी भरून काढायला वकील असतो. मी ती वाढवली.

आणि हे सगळं शेतकरी संपाच्या चरी गावापासून हाकेच्या अंतरावर. 27 ऑक्टोबर 1933 रोजी चरीच्या सभेत, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, 25 गावांच्या शेतकऱ्यांनी खोतांची, म्हणजे जमीनदारांची, जमीन कसायची नाही असं ठरवलं. संप 1939 पर्यंत चालला. माणसं जंगलातली लाकडं विकून, खाडीची मासळी धरून जगली. तेव्हा कागद सगळे खोतांच्या बाजूचे होते. कबुलायतींवर कुळांचेच अंगठे होते. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर 1934 मध्ये चरीला आले आणि 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. 1939 चा कुळकायदा, मग 1948 चा, 1949 चा खोती निर्मूलनाचा कायदा, हे सगळं त्यानंतर आलं. ज्या कायद्याची कलमं मी पोटापाण्यासाठी वापरत होतो, तो कायदा निरक्षर कुळांनी उपाशी राहून घडवला होता. चरीच्या संपावर मी भाषणं दिली, हार घातले. संपकऱ्यांच्या पुढच्या पिढीतली एक बाई माझ्यासमोर बसली तेव्हा मात्र खोतांच्या कारकुनासारखा कागद मागितला.

पुढच्या सगळ्या दाव्यांत मी आधी शेतावर जात राहिलो, बांधाशेजारच्यांचे जबाब घेत राहिलो. त्यातून काही कुळं वाचली. बाईंच्या उपयोगाला ते आलं नाही.

आता अटल सेतू झाला आहे, अलिबाग मुंबईच्या दारात आलं आहे आणि इथल्या गुंठ्यागुंठ्याला गिऱ्हाईक आहे. जुन्या कुळांच्या घरी संमतीपत्रं, हक्कसोड पत्रं सहीला येत आहेत. ती वाचून दाखवणाऱ्या तरुण वकिलांना माझी एकच विनंती आहे. ज्याची सही मागितली जाते आहे त्याचा काहीतरी हक्क आहे, एवढं धरून चला. आणि तो कोणता, हे कळेपर्यंत त्याच्या हाती पेन देऊ नका.