गाळलेली ओळ

कालिदासाने यक्षाचा दूत म्हणून मेघाचीच निवड का केली, याचा पंडितांनी पुष्कळ ऊहापोह केला आहे. त्यांच्या पंक्तीत बसण्याचा माझा अधिकार नाही. तथापि माझ्यापुरते मला त्याचे एक साधे कारण सापडले आहे. मेघाला लाज नसते! विरही नवऱ्याचा निरोप बायकोला पोचवायचा, तर दूत निर्लज्ज असावा लागतो. हे मी अनुभवाने सांगतो. कारण वयाच्या बाराव्या वर्षी मी स्वतः असे दूतकर्म केले आहे आणि त्यात सपशेल नापास झालो आहे.

ही गोष्ट १९७१ सालची. सांगली आणि मिरज यांच्या मध्ये असलेले आमचे कुपवाड त्या वेळी खेडेच होते. १९९८ साली ते त्या दोन शहरांबरोबर एका महानगरपालिकेत गेले. आज तेथे कारखान्यांचे भोंगे ऐकू येतात. माझ्या लहानपणी मात्र शाळूची शिवारे होती आणि दुपारी सायकलची घंटा वाजवीत पोस्टमन आला, की अर्धी गल्ली दारात येई. शेजारचे दादा मराठा पलटणीत होते. घरी त्यांची म्हातारी आई आणि लग्नाला दोन वर्षे झालेली वहिनी. दोघींनाही अक्षरओळख नव्हती. त्यामुळे आलेले पत्र वाचणे आणि गेलेले पत्र लिहिणे ही दोन्ही खाती माझ्याकडे होती. मोबदला म्हणून गूळ-शेंगदाणे मिळत. तेव्हा ही समाजसेवा अगदीच निरपेक्ष होती असे म्हणवत नाही.

त्या पत्रांच्या पत्त्यात गाव नसे. शिपायाचा नंबर, पलटण आणि शेवटी ए. पी. ओ. हा शिक्का. माणूस हिमालयात आहे की बंगालच्या चिखलात, हे कळू नये अशीच ती व्यवस्था. मजकुराची व्यवस्थाही तशीच होती. मायना नेहमी आईला: तीर्थरूप मातोश्रीस शिरसाष्टांग नमस्कार. मग पाऊस झाला का, गाईचे काय, परसातल्या छपरावरची कौले चाळली का. अगदी शेवटी ‘घरच्या सर्वांस नमस्कार व आशीर्वाद’. या ‘सर्वां’त वहिनी कोठेतरी बसवून घेतलेली असे. बायकोच्या नावाने पत्र घालणे आमच्याकडे शिष्टसंमत नव्हते. म्हणून दूर गेलेल्या माणसाची ओढ आपल्या खऱ्या नावाने घरात शिरत नसे. ती गाईच्या आणि कौलांच्या नावाने येई. हे आज कळते. तेव्हा मला वाटे, दादांना गाईचे भारीच वेड आहे!

दिवाळी होऊन गेल्यावर एक पत्र आले. म्हातारी सुपात तांदूळ घेऊन खडे निवडीत होती. वहिनी चुलीपाशी पाठमोरी. मी खड्या आवाजात वाचीत सुटलो. शेवटी, घडीच्या आतल्या कडेला, बारीक अक्षरांत आडवे लिहिलेले काही दिसले. ‘तू भाकरी बांधून दिलेले फडके मी अजून धुतलेले नाही. त्याला आपल्या चुलीचा वास आहे. तुलाही माझी अशी आठवण होते का, एवढे कळव.’

माझे कान तापले. म्हातारीच्या देखत हे वाचायचे कसे? मी पत्राची घडी घातली. वहिनी चुलीकडे तोंड करूनच म्हणाली, “संपलं?”

“संपलं,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी उत्तर लिहिले. सर्व खुशाल, गाय व्यायली, कालवड झाली, काळजी नसावी. ‘माझी आठवण होते का’ या प्रश्नाला घराने कालवडीची बातमी पाठवली.

३ डिसेंबरला युद्ध पेटले. रात्री दिवे मालवायचे आणि अंधारात रेडिओभोवती बसायचे, असे दिवस आले. १० डिसेंबरच्या रात्री जमालपूरपाशी पहिल्या मराठा पलटणीने पाकिस्तानी फौजेची वाट अडवून धरली आणि रात्रभर तिचे हल्ले परतवले. दादा त्याच पलटणीत होते, हे आम्हांला मागाहून कळले. पण त्या पंधरवड्यात माझी झोप उडाली ती निराळ्याच धास्तीने. दादांचे काही बरेवाईट झाले, तर ती ओळ जगात फक्त माझ्यापाशी उरणार! सांगावे म्हणून तीन-चारदा मी वहिनीच्या दारापर्यंत गेलो. प्रत्येक वेळी म्हातारी उंबऱ्यावर बसलेली. १६ डिसेंबरला ढाक्याला शरणागती झाली. गावाने साखर वाटली. त्यानंतर पत्र यायला तीन आठवडे लागले. दादा सुखरूप होते. त्या पत्रात मात्र कडेला काही लिहिलेले नव्हते.

उन्हाळ्यात ते रजेवर आले. चौथ्या-पाचव्या दिवशी वहिनीने मला हाक मारली. देव्हाऱ्यामागचा पत्र्याचा डबा तिने पुढे ठेवला. “बाळ, हे म्हणतात, मी काही विचारलं होतं, त्याचं उत्तरच आलं नाही. कुठं आहे रे ते?” मी ते पत्र शोधून काढले आणि खाली मान घालून ती ओळ वाचली. बाहेर सोप्यात दादा आईशी बोलत बसले होते. त्यांचा आवाज आत ऐकू येत होता. बंगालच्या सीमेवरून निघालेला निरोप सहा महिन्यांनी पोचला, तेव्हा तो पाठवणारा दहा हातांवर होता. वहिनी रागावेल म्हणून मी उभाच राहिलो. ती म्हणाली, “पुन्हा एकदा वाच.”

म्हातारीपासून काही लपत नसते. संध्याकाळी तिने मला गाठले. “पोरा, माझ्याम्होरं वाचलं असतंस तर मी काय तुला खाल्लं नसतं. ह्याचा बा इटलीत हुता. त्येची पत्रं मास्तर वाचायचं. म्होरं माझा सासरा बसल्याला. मास्तर लई लाजाळू माणूस. त्येनी किती वळी गिळल्या, कुणाला ठावं!”

तिचा नवरा परत आला नाही. टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले, ते १९४४ सालच्या जुलैत. त्याच साली तिच्याकडे तार आली होती.

पुढे वाचनात आले, की पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांचे पत्र बहुधा आधी लेखनिकाच्या हातून उतरे, मग सेन्सॉरच्या कचेरीतून जाई आणि गावी आल्यावर तिसराच कोणी ते चारचौघांत वाचून दाखवी. मूळ पत्रे बहुतेक नाहीशी झाली. सेन्सॉरने करवलेले इंग्रजी उतारे तेवढे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत राहिले आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात त्या युद्धात पडलेल्या ४६ जणांचा स्मृतिस्तंभ आहे. त्यासमोर मी एकदा उभा राहिलो होतो. त्या आकड्यापुढे सारे नतमस्तक होतात, मीही झालो. पण मला मोजदाद करावीशी वाटली ती कडेला आडव्या लिहिलेल्या आणि कोणीतरी लाजून गिळलेल्या ओळींची. सेन्सॉरची कात्री निदान दौलतीसाठी होती. आम्ही मास्तर नि पोरे मर्यादेसाठी कात्री चालवीत होतो, आणि आमच्या कात्रीची नोंद कोठेच नाही.

हल्ली गल्लीतला एक जवान रोज रात्री सीमेवरून फोन करतो आणि त्याची बायको पडद्यावर त्याचा चेहरा पाहत बोलते. परवा सहज कानावर पडले. तो विचारीत होता, “पाऊस झाला का गं?” मी हसलो. दूत गेला, मधला वाचणारा गेला; पण पावसाची चौकशी काही सुटली नाही. फरक इतकाच, की त्या प्रश्नात जे दडलेले असते ते ऐकायला आता तिचे तीच आहे.