सरकारी की खाजगी?

आमच्या घरात एक वाद चार पिढ्यांपासून चालत आलेला आहे. वडोद्यातील जुन्या मराठी घरांना तो नवा वाटू नये. नोकरी सरकारी असावी की खाजगी, हा तो वाद.

आमचे पणजोबा कोकणातून येथे आले आणि गायकवाड सरकारच्या कचेरीत कारकून झाले. सरकारची चाकरी म्हणजे वडाची सावली. फळ लहान, पण सावली गर्द, असे ते म्हणत. आजोबांनी मात्र कलाभवनात शिक्षण घेऊन एका खाजगी कारखान्याची वाट धरली. पुढे आमचे वडील सरकारी कारखान्यात लागले, तर थोरले काका एका कापडगिरणीत. वडील सन्मानाने निवृत्त झाले. काकांच्या गिरणीच्या फाटकाला एके दिवशी सकाळी कुलूप दिसले. हक्काच्या ग्रॅच्युइटीसाठी त्यांना पुढे कित्येक वर्षे खेटे घालावे लागले. तेव्हापासून आमच्या आजीच्या लेखी या वादाचा निकाल लागलेला आहे.

परवा तो वाद पुन्हा उकरून निघाला. आमची पुतणी मकरपुऱ्यातील एका खाजगी कंपनीत दोन वर्षे काम करीत आहे. ते सोडून सरकारी परीक्षांचा अभ्यास करावा, असा आजीचा आग्रह. पुतणी हसून म्हणाली, "आजी, तू म्हणतेस ती पेन्शन आता राहिली कुठे?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या बहुतेक नव्या नोकरांची जुनी पेन्शन बंद झाली आणि ज्याच्या त्याच्या वर्गणीतून साठणाऱ्या निधीची पद्धत आली. निवृत्तीनंतर हाती किती पडेल ते पुष्कळसे बाजाराच्या चढउतारावर अवलंबून राहिले. त्यावर इतका असंतोष झाला, की १ एप्रिल २०२५ पासून ठराविक पेन्शनची हमी देणारी आणखी एक योजना सरकारला आणावी लागली. खाजगी नोकरांची स्थिती याहून बिकट. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत दरमहा किमान १,००० रुपये देण्याचे २०१४ साली ठरले, हे काकांनी मान खाली घालून सांगितले. त्या रकमेत महिन्याचे दूधही येत नाही.

मग काकांनी आपल्या आवडत्या विषयाला हात घातला. वडोद्यात अशा वादाला सयाजीराव महाराजांचे नाव येणारच. काकांचे म्हणणे असे, की महाराजांनी सर्वांना कचेरीत बसविले नाही, आणि प्रजेला बाजाराच्या हवालीही केले नाही. १८९० साली कलाभवन काढले, ते हाताला कसब यावे म्हणून. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो राज्यभर नेला. १९०८ साली त्यांच्या आश्रयाने बँक ऑफ बडोदा निघाली. पण ती दरबाराचे एखादे खाते म्हणून नव्हे, तर कायद्याने नोंदलेली कंपनी म्हणून. त्याच बँकेचे १९६९ साली राष्ट्रीयीकरण झाले. आज तिचे बहुतांश भाग सरकारकडे आहेत आणि उरलेले शेअर बाजारात विकले व घेतले जातात. सरकारी की खाजगी, या प्रश्नाला ही एकच बँक तीन काळांत तीन उत्तरे देते, असे म्हणून काका हसले.

आमच्या आईला तिच्या पुण्याच्या भावाची आठवण झाली. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास रोजगार हमी योजना सुरू झाली. वि. स. पागे यांच्या विचारातून ती आली. मागेल त्याला काम, हे तिचे सूत्र. पुढे तिचा कायदा झाला आणि २००५ साली तोच विचार साऱ्या देशाच्या कायद्यात आला. त्या योजनेच्या खर्चासाठी महाराष्ट्रात १९७५ साली व्यवसायकर बसला. आमचे मामा एका खाजगी कंपनीत होते. दर महिन्याला पगारातून तो कर कापला गेला की ते कुरकुरत. एकदा मामींनी त्यांना विचारले, "तुमच्या या चार रुपयांनी कोणाची तरी चूल पेटते, हे काय वाईट?" मामांची कुरकुर काही थांबली नाही, पण बाजाराने कमवायचे, सरकारने त्यातले थोडे गोळा करायचे आणि ज्याच्या शेतात काम नाही त्याला ते पोहोचवायचे, हा व्यवहार आमच्या आईला तेव्हापासून समजला.

येथवर चर्चा मोठी रंगली होती. इतक्यात पुतणीने सहज विचारले, "पण आपल्या बेनचे काय?"

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बेन गेली अकरा वर्षे येत आहेत. गेल्या पावसाळ्यात त्या घसरून पडल्या आणि उजवा हात मोडला. सरकारी दवाखान्यात हात फुकट बसविला गेला. रेशनवर धान्य मिळत होते. म्हणजे सरकारने आपल्या परीने काही केले होते. परंतु हात प्लास्टरमध्ये असता सहा आठवडे घरात पैसा आला नाही. तो का आला नाही? कारण आम्ही त्या दिवसांचा पगार कापला आणि बदली बाईंना दिला. त्याच सहा आठवड्यांत आमच्या पुतणीला ताप आला होता. तिने चार दिवस रजा घेतली. तिचा एक रुपयाही कापला गेला नाही.

असंघटित कामगारांसाठी पेन्शन योजना आहेत, असे आम्ही घाईने म्हणालो. पुतणीने शांतपणे सांगितले, की २०१५ ची अटल पेन्शन योजना घ्या किंवा २०१९ ची श्रमयोगी मानधन योजना घ्या, दोन्हींत प्रवेशाचे वय अठरा ते चाळीस. बेनचे वय शेहेचाळीस. सरकारचे दार त्यांच्यासाठी सहा वर्षांपूर्वीच लागले होते. त्यांच्यासाठी बाजार म्हणावा, तर तो आमचेच घर होते. गिरणीच्या मालकाला नावे ठेवण्यात आमची चाळीस वर्षे गेली. आमच्या स्वयंपाकघरात मालक आम्हीच होतो, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

त्या रात्री वाद तसाच राहिला. पुतणी नोकरी सोडणार की नाही, ते अजून ठरायचे आहे, आणि ते तिचे तिनेच ठरवावे. आमच्यापुरते दोन ठराव मात्र झाले. आजारपणात बेनचा पगार कापायचा नाही, आणि दर महिन्याला त्यांच्या नावे पोस्टात थोडी रक्कम टाकायची. यात उपकार नाही, हे आम्ही स्वतःलाच बजावतो. घरोघरी असे केल्याने सरकारचे कर्तव्य सरत नाही, हेही आम्ही जाणतो. उद्या आम्ही वडोदे सोडून गेलो, तर बेननी कोणाकडे पाहावे? एका घराच्या भलेपणावर कोणाचे म्हातारपण टांगून ठेवता येत नाही. त्याला कायदाच हवा. परंतु कायदा येईपर्यंत चूल थांबत नाही.

पहिल्या तारखेला आजीने मागचा कापलेला पगार बेनच्या हाती ठेवला. त्यांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत विचारले, "बा, हे कशाचे?"

"आजारपणाच्या रजेचे," आजी म्हणाली.

बेन मोठ्याने हसल्या. "म्हणजे मी आता सरकारी नोकर झाले की काय?"

आजीही हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही.