परदेशचे काम आणि हाती आलेला शनिवार

नोकरीच्या निमित्ताने परदेशी जाणारे आपल्यातले कामगार आता पूर्वीइतके दुर्मिळ राहिलेले नाहीत. कोणी आखातात जातो, कोणी मशीनचे काम शिकायला युरोपात जातो. परत आल्यावर सगळे विचारतात, "काय आणलंस?" "काय पाहिलंस?" असे विचारणारा क्वचितच भेटतो. या दुसऱ्या प्रश्नाविषयी चार शब्द लिहावेत असे मनात होते.

मी नगरच्या एमआयडीसीत फिटर आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात कारखान्याने मला व एका सहकाऱ्याला नव्या मशीनची जोडणी शिकण्यासाठी तीन आठवडे इंग्लंडमधील कव्हेंट्री शहरी पाठवले. राहण्याची सोय कंपनीची, जेवणखाणाला रोज २५ पौंड. जायचे ठरले आणि घरात यादी सुरू झाली. आत्याबाईंना अत्तर, मेहुण्यांना घड्याळ, शेजारच्या पोरांना चॉकलेट. मुलीची डिप्लोमाची फी भरायची होती, ती वेगळीच.

मला लहानपणापासून टपाल तिकिटे जमवण्याचा नाद. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. तिथे टाकून दिलेली पाकिटे ते माझ्यासाठी खिशात घालून आणत. थोरले दादा मात्र म्हणत, "छंद पोट भरलेल्यांचे. आपल्याला परवडत नाहीत." दादांना उलट बोलणे शक्य नव्हते. स्वत:ची शाळा सोडून त्यांनी मला आय.टी.आय. केले होते.

या प्रश्नाचे उत्तर मला बाबासाहेबांच्या चरित्रात मिळाले. १९१३ साली ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. महिन्याला साडेअकरा पौंड मिळत आणि त्यातूनच घरीही पैसे पाठवावे लागत. तरी पोटाला चिमटा घेऊन ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जात. तिथे त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले असे चरित्रकार सांगतात. १९१७ साली लंडनहून परत येताना त्यांचे सामान वेगळ्या बोटीने निघाले. महायुद्ध चालू होते. ती बोट पाणतीराने बुडाली आणि पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. दुसरा कोणी असता तर त्याने पुस्तकांचे नावच टाकले असते. पण १९३० ते १९३२ या काळात गोलमेज परिषदेच्या कामासाठी ते लंडनला गेले, तेव्हाही पुस्तकांची खरेदी थांबली नाही. पुढे ग्रंथ ठेवता यावेत म्हणून दादरला 'राजगृह' उभे राहिले. कोट्यवधी लोकांच्या हक्कांचे ओझे खांद्यावर असताना त्यांना पुस्तकांसाठी वेळ काढता आला. मग आपल्याला शनिवार का काढता येऊ नये?

कव्हेंट्रीत आम्ही खोलीवरच डाळभात शिजवला. तीन आठवड्यांत माझे २६० पौंड शिल्लक राहिले. त्याचे वाटे मी वहीत आधीच पाडून ठेवले होते. १६० मुलीच्या फीला, ३० घरच्या भेटवस्तूंना, ४० प्रवासाला आणि ३० छंदाला. अत्तर आले, चॉकलेट आले. घड्याळाबद्दल मेहुण्यांना निघण्यापूर्वीच सांगितले होते, की ते या खेपेला जमणार नाही.

वेळेचेही तसेच. शुक्रवारी कारखाना दुपारीच सुटे. लंडनचे ब्रिटिश म्युझियम एरवी पाचला बंद होते, पण शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडे असते, आणि आत जायला तिकीट लागत नाही. युस्टन स्टेशनवर उतरले की पायी पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. सहकारी म्हणाला, "भाऊ, दगड पाहायला एवढ्या लांब कशाला?" मी एकटाच गेलो.

आणि दगडच पाहिले! आंध्रातल्या अमरावतीचा स्तूप. नाव सारखे असले तरी आपल्या विदर्भातले अमरावती हे नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी तिथल्या कोरीव शिळा उकरल्या आणि पुष्कळ शिळा लंडनला नेल्या. आज त्या काचेच्या दालनात जपून ठेवल्या आहेत. काही शिळांवर बुद्धाची मूर्ती नाही. रिकामे आसन आहे, बोधिवृक्ष आहे, पावलांचे ठसे आहेत आणि भोवती हात जोडून उभी असलेली माणसे आहेत. त्या माणसांचे दागिने, फेटे, बसण्याची ढब पाहून वाटले, ही तर आपल्याकडचीच माणसे. आपला ठेवा पाहायला सातासमुद्रापार यावे लागले याची चुटपुट लागली. पण शिळा शाबूत आहेत याचे समाधानही वाटले.

याच म्युझियमच्या मधोमध घुमटाचे गोल वाचनालय आहे. १९२० नंतर बाबासाहेब तिथे सकाळी दार उघडताच जात आणि बंद होईपर्यंत वाचत. १९९७ साली तिथले ग्रंथालय सेंट पँक्रासला हलवले गेले. मी गेलो तेव्हा आत जाता येत नव्हते. बाहेरून घुमटाची भिंत पाहिली, तेवढ्यानेही ऊर भरून आला.

पुढच्या शनिवारी युस्टनहून भुयारी रेल्वेने चॉक फार्म गाठले. तिथून जवळच १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. १९२१-२२ साली बाबासाहेब तिथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. भिंतीवरच्या निळ्या फलकावर त्यांचे नाव वाचले आणि हात आपोआप जोडले गेले. दुपारी स्ट्रँड रस्त्यावरच्या तिकिटांच्या दुकानात गेलो. यादी खिशात होती. १९५६ हे बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे २५०० वे वर्ष मानले गेले. त्या वर्षी आपल्या टपाल खात्याने दोन तिकिटे काढली, ब्रह्मदेश आणि सिलोननेही काढली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा झाली. तिन्ही देशांची तिकिटे एका पानावर लावायची माझी जुनी हौस होती. ती २८ पौंडांत पुरी झाली. बाबासाहेबांची बुडालेली पुस्तके आठवून तिकिटे मोठ्या बॅगेत न टाकता शर्टाच्या खिशात ठेवली.

घरी आल्यावर दादांपुढे वही ठेवली. चष्मा पुसून त्यांनी ते पान बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "विहारात पोरांना दाखव हे. पण आधी फीची पावती दाखव." पावती दाखवली. "मग हरकत नाही," म्हणाले.

वाचक बंधू-भगिनींनो, कामासाठी बाहेरगावी निघालात तर तीन गोष्टी करा. पैशांचे वाटे निघण्यापूर्वीच पाडा आणि घरच्यांना स्पष्ट सांगा. म्युझियम कोणत्या वारी उशिरापर्यंत उघडे असते ते आधी विचारून ठेवा. आणि खरेदी हलकी करा, ती हातातल्या पिशवीत मावली पाहिजे. परदेश लांब राहिला, आपल्या नगरमध्येही ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, १९९४ पासूनचे रणगाड्यांचे म्युझियम आहे. एखाद्या रविवारी पोरांना तिथे घेऊन जा. पोट तर भरलेच पाहिजे. पण पोट भरल्यावर माणूस म्हणून डोळे उघडून जग पाहण्याचा हक्कही आपलाच आहे, आणि तो मिळवून देणाऱ्याने स्वत: अर्धपोटी राहून तो वापरला होता.