आणि साथीदार

दोस्तहो, गाणं कोण लिहितो? दोन महिन्यांआधी मला कुणी असं विचारलं असतं तर छाती ठोकून म्हटलं असतं, मी. आज जीभ रेटत नाही.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. रातपाळीत धागा तुटला की सांधायचा आणि तोंडातल्या तोंडात कविता जुळवायची. चहाच्या सुट्टीत ती कागदाच्या तुकड्यावर उतरवायची. शाळा नववीपर्यंत. बाकी सगळं वाचून शिकलो.

एका रात्री सोबत्यानं मोबाईलवर चेन्नईच्या ब्यांडचं गाणं ऐकवलं. द कास्टलेस कलेक्टिव्ह. 'काला' पिक्चरवाला पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी २०१७ साली उभा केलेला. नाव घेतलं पंडित अयोतीदासांच्या 'जात नसलेले तमिळ' या शब्दांवरून. अयोतीदास म्हणजे ज्यांनी १८९८ साली मद्रासेत शाक्य बौद्ध संघ काढला. आपल्या नागपूरच्या दीक्षेआधी ५८ वर्षं!

तमिळ मला कळत नाही. पण ही गाणी बनतात कशी, ते मी खोदून खोदून वाचलं. उत्तर चेन्नईतल्या कष्टकरी वस्त्यांत 'गाना' नावाचं गाणं आहे. मयताच्या घरी रात्रभर गातात. तिथल्या तिथं शब्द जुळवतात, हाताला लागेल त्यावर ठेका धरतात. तेन्मानं असे गाना गाणारे, रॅपवाले आणि गिटारवाले एकत्र बसवले. एकोणीस जण. एकाला नोटेशन येतं, दुसऱ्याला हजार गाणी तोंडपाठ. दोघांनी एकमेकांचं ऐकल्याशिवाय गाणं पुढं सरकत नाही. विषय आरक्षणाचा, गोमांसाचा, जयभीमचा. जानेवारी २०१८ मध्ये ते पहिल्यांदा लोकांसमोर उभे राहिले. अंगात सूट आणि हातात पराई. पराई म्हणजे आपल्या हलगीची बहीण. ज्या वाद्यावरून जात ओळखली, शिवी दिली, तेच स्टेजवर.

मी पेटलो. आम्हीही ब्यांड काढला. शब्द माझे, गिटार मित्राची, आणि हलगीला मातंग वस्तीतला एक दोस्त. विहारामागं तालीम. तो कागद पेटवून हलगी तापवायचा, बोटानं टिचकी मारून बघायचा, मग म्हणायचा, "आता वाच."

मी वाचलं. तो थांबला. "कविता चांगली हाय तुह्यी. पण श्वास घ्याले जागा कुठी हाय तिच्यात?"

मला राग आला. साला, मला शिकवतो! पण त्यानं ठेका धरला आणि माझी लांब ओळ खरंच मधेच धापा टाकायला लागली. अठरा ओळींतल्या सात उरल्या. पालुपद तर त्याचंच. वाजवता वाजवता सहज बोलून गेला आणि आम्ही तेच धरलं.

१४ एप्रिलचं पत्रक मी छापून आणलं. गीत, माझं नाव. संगीत, गिटारवाल्याचं नाव. खाली बारीक टायपात, 'आणि साथीदार'.

त्यानं पत्रक वाचलं. कार्यक्रमात जीव तोडून वाजवलं. जेवायला थांबला नाही. जाताना विचारलं, "साथीदार म्हंजे मीच का रे?"

त्याच ब्यांडमधला अरिवु आठवा. मार्च २०२१ मध्ये त्याचं 'एन्जॉय एन्जामी' आलं. आजी वल्लिअम्माळ श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेली, तिच्या जगण्यातून त्यानं शब्द काढले. ऑगस्टमध्ये एका संगीत मासिकानं मुखपृष्ठावर गाणाऱ्या बाईला घेतलं, तिच्याबरोबर दुसऱ्या एका कलावंताला घेतलं. अरिवु नाही. पा. रंजितनं जाहीर जाब विचारला. मागाहून मासिकानं अरिवुचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ काढलं. ते वाचून मी गिरणीत शिव्या घातल्या होत्या. आणि माझ्या पत्रकावर काय होतं?

माझ्या पणज्यानं छप्पन साली डफडं चुलीत घातलं. गावकीचं वाजवणं बंद! घरात ही गोष्ट अभिमानानं सांगतात, आणि अभिमान खराच आहे. पण त्या अभिमानाच्या पोटात आणखी काहीतरी वाढलं. आम्ही लिहितो, वाजवायला दुसऱ्याला बोलावतो. वाजवणाऱ्याला नाव लागत नाही, असं मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी माझ्या हातानं तेच छापलं. जात आमच्या बौद्धवाड्यातही अशीच राहते, बारीक टायपात.

मी त्याच्या घरी गेलो. चूक कबूल केली. हा लेख लिहितो, त्यात तुझं नाव टाकतो म्हटलं. तो म्हणाला, "लेखात नको. गाण्यावर टाक."

म्हणून इथं त्याचं नाव नाही. पुढच्या पत्रकावर पहिलं नाव त्याचं आहे, ठळक टायपात. तालीम पुन्हा सुरू झाली आहे. तो येतो, पण पूर्वीसारखं हसत नाही. त्याला वेळ लागेल.

तुमच्या कलापथकाचं पत्रक काढा, दोस्तहो. 'आणि साथीदार' कोण आहेत ते बघा.

जयभीम.